गोव्यात फोन हरवला तर: शोधणं वेगळं, बंद करणं वेगळं, परत मिळवणं वेगळं

शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरतो, आणि त्या दिवशी माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फोन हरवलेलं कोणी ना कोणी येतंच. फोन नाही म्हणून पैसे नाहीत, परतीचं तिकीट नाही, हॉटेलचा नंबर नाही. गेल्या हंगामात कोल्हापूरच्या एक काकू आल्या होत्या. आसगावला उतरलेल्या, भाड्याच्या स्कूटरवरून मुलासोबत हणजुण्याला जाऊन पुढे बाजारात आलेल्या. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "दादा, तुम्ही मोबाइलवाले ना? मग तो उपग्रहावरून कुठे दिसतो ते बघा की."

हा समज मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की सुरुवात तिथूनच करतो. उपग्रहाला तुमचा फोन दिसत नाही. जीपीएसचे उपग्रह फक्त वरून वेळेचे संकेत सोडत असतात. ते ऐकून आपण कुठे आहोत हे फोन स्वतःच ठरवतो. ती जागा दुसऱ्या कोणाला कळायची तर फोनने ती इंटरनेटवरून सांगावी लागते. फोन बंद पडला, डेटा गेला की तो गप्प होतो, आणि नकाशावर उरतो तो शेवटचा ठिपका. टॉवरवरून काढलेलं ठिकाण पोलिसांना मिळू शकतं, पण त्याचा घेर कधी काही शे मीटरचा, तर कधी कित्येक किलोमीटरचा असतो. म्हणजे अख्खं मांद्रे गाव.

काकूंना मी जे समजावलं तेच इथे लिहितो. फोन कुठे आहे हे कळतं तुमच्या गूगल किंवा अ‍ॅपल खात्यातून. तो दुसऱ्याला निरुपयोगी होतो त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, बंद केल्यावर. आणि तो हातात परत येतो माणसांमुळे: शॅकवाला, बसचा कंडक्टर, स्टेशनवरचा शिपाई, पोलीस. या तिन्ही कामांची दारं वेगळी आहेत. लोक एका दारात जाऊन दुसऱ्याचं काम मागतात आणि तेवढ्यात मोलाचे पहिले दोन-तीन तास जातात.

पहिलं काम अगदी साधं, तरी घाबरलेला माणूस ते विसरतो. सोबतच्याच्या फोनवरून आपल्या नंबरला फोन लावायचा. कोणी उचलला तर आवाज चढवू नका. उचलणारा बहुतेक वेळा चोर नसतो, तुमचा फोन टेबलावर पडलेला दिसला म्हणून उचलून ठेवणारा वेटर असतो. "तुमच्याकडे माझा फोन सुरक्षित आहे, आभारी आहे, मी कुठे येऊ?" एवढंच विचारायचं. कोणी उचलला नाही तर गेल्या चार जागा उलट क्रमाने आठवायच्या. गोव्यात एक जागा मी सगळ्यात आधी विचारतो, ती म्हणजे भाड्याच्या स्कूटरची डिकी. समुद्रात उतरताना फोन सीटखाली ठेवतात, संध्याकाळी स्कूटर परत देतात, आणि फोन त्या डिकीतच दुसऱ्या पाहुण्यासोबत फिरायला लागतो.

आता खात्याचं दार. अँड्रॉइडसाठी गूगलचं फाइंड हब (२०२५पर्यंत याचं नाव फाइंड माय डिव्हाइस होतं) आणि आयफोनसाठी अ‍ॅपलचं फाइंड माय. दोन्हीतून फोन वाजवता येतो, आणि सायलेंटवर असला तरी तो मोठ्याने वाजतो. दुसऱ्याच्या फोनवरून किंवा संगणकावरूनही हे करता येतं. घोळ होतो तो इथेच. पासवर्ड टाकला की गूगल विचारतं, खरंच तुम्हीच का? आणि त्याची खात्री करायला संदेश पाठवतं, हरवलेल्या फोनवर. घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घ्यावं तशी गत.

याला निघण्याआधी करायचा उपाय आहे. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात बॅकअप कोड मिळतात, आठ-आठ आकड्यांचे दहा. ते कागदावर लिहून पाकिटात ठेवायचे. कोड नसतील तर दुसरी वाट आहे: घरी कुठल्या तरी लॅपटॉपवर किंवा टॅबवर तुमचं खातं आधीच उघडं असतं का ते आठवा. अ‍ॅपलने ही अडचण ओळखून आयक्लाउडच्या संकेतस्थळावरचं उपकरण शोधण्याचं पान दुसऱ्या कोडशिवाय, नुसत्या पासवर्डवर उघडं ठेवलं आहे. पण पासवर्ड पाठ हवा. तोही फोनातच साठवलेला असेल तर पुन्हा तेच.

कोल्हापूरच्या काकूंचं काम या दुसऱ्या वाटेनेच झालं. मुलगी घरी होती, तिच्या लॅपटॉपवर आईचं खातं उघडं होतं. तिने पाहिलं तर ठिपका आसगावला, स्कूटर भाड्याने देणाऱ्याच्या अंगणात. सकाळी टायर पंक्चर झालं म्हणून त्याने स्कूटर बदलून दिली होती, फोन पहिल्या स्कूटरच्या डिकीत राहिला होता. मुलीने कोल्हापुरातून फोन वाजवला आणि आसगावात डिकी वाजायला लागली.

फोनचा डेटा बंद असेल तर? त्यासाठी गेल्या काही वर्षांत एक वेगळी सोय आली आहे. हरवलेला फोन ब्लूटूथच्या रेडिओ लहरींवरून आपली खूण सांगत राहतो. शेजारून जाणाऱ्या अनोळखी माणसाचा फोन ती खूण टिपतो, आपण कुठे आहोत ते तिला जोडतो आणि बंद पाकिटात घालून पुढे पाठवतो. पाकीट उघडायची किल्ली फक्त मालकाकडे असते. टिपणाऱ्या माणसाला काही कळत नाही, कंपनीलाही आत वाचता येत नाही. अ‍ॅपलने हे २०१९ साली आणलं, गूगलने २०२४ साली. आयफोन ११ आणि नंतरची बहुतेक मॉडेलं तर बंद केल्यावरही काही काळ ही खूण सोडत राहतात. सामानाला लावायचे एअरटॅगसारखे बिल्ले चालतात तेही याच तत्त्वावर. त्यांच्यात जीपीएस नसतं.

यात गोव्यापुरती एक मेख आहे. गूगलने हे सेटिंग मुळात 'फक्त गर्दीच्या ठिकाणी' असं ठेवलेलं असतं. म्हणजे अनेक फोनांनी खूण टिपली तरच ठिकाण कळवायचं. बागा-कळंगुटला संध्याकाळी हे चालून जाईल. केरीच्या किनाऱ्यावर किंवा पाळोळ्याच्या दक्षिणेला, जिथे तासाभरात दोन माणसं जातात, तिथे नाही. फाइंड हबच्या सेटिंगमध्ये जाऊन ते 'सर्व ठिकाणी' असं करून ठेवा. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

ठिपका दिसला म्हणून एकट्याने तिथे जाऊन दार ठोठावू नये, हे मी कळकळीने सांगतो. ठिपक्याभोवती एक फिकट वर्तुळ असतं. फोन त्या वर्तुळात कुठेही असू शकतो. किनाऱ्यालगत एकाला एक लागून शॅक आणि खोल्या आहेत. चुकीच्या दारात तुम्ही निरपराध माणसावर आळ घ्याल, आणि बरोबर दार असेल तर ते जास्तच वाईट. चोरीचा संशय असेल तर पोलिसांना सोबत घ्या. तातडी असेल तर ११२.

खात्यातून आणखी एक करायचं: फोन 'हरवला' म्हणून लॉक करायचा आणि पडद्यावर संदेश ठेवायचा. संदेश छोटा, सोप्या हिंदीत किंवा इंग्रजीत, आणि खाली सोबतच्या माणसाचा नंबर. धमकी नको. बॅटरी संपायच्या आत हा संदेश पोचायला हवा, म्हणून हे लवकर. अँड्रॉइडमध्ये नुसत्या फोन नंबरवरून दूरस्थ लॉक करायची सोय आहे, पण ती आधीच चालू केलेली हवी.

'सगळं पुसून टाका' हे बटण मात्र घाईत दाबू नका. अँड्रॉइड फोन पुसला गेला की तो नकाशावरून जातो. आणि फोन खात्यातून काढून तर कधीच टाकू नका. 'हरवलाच आहे, ठेवून काय करायचं' म्हणून लोक तो यादीतून काढतात. आयफोनच्या बाबतीत असं केलं की त्याचं अ‍ॅक्टिव्हेशन लॉक (मालकाच्या पासवर्डशिवाय फोन नव्याने सुरू होऊ न देणारं कुलूप) सुटतं, म्हणजे चोराला कोरा फोन तुम्ही स्वतः दिला. हे लॉक लागलेला आयफोन फक्त सुट्या भागांच्या भावाने जातो. म्हणूनच काही दिवसांनी मालकाला संदेश येतो, 'तुमचा आयफोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी इथे लॉगिन करा.' दुवा खोटा असतो. त्यांना ठिकाण द्यायचं नसतं, तुमचा पासवर्ड हवा असतो. फोन हरवलेल्या माणसाच्या मनातली आशा पकडून केलेली ही फसवणूक मला साध्या चोरीपेक्षा नीच वाटते.

सिमकार्ड लगेच बंद करावं का, यावर लोकांना एका वाक्यात उत्तर हवं असतं. मला ते देता येत नाही. सिम बंद केलं तर फोनचा डेटा जातो, ठिपका थांबतो, सापडणाऱ्यालाही तुमचा फोन येत नाही. चालू ठेवलं तर कोणी ते काढून आपल्या फोनात घालेल आणि तुमचे ओटीपी त्याला मिळतील. मी असं सांगतो. फोन विसरला असण्याची शक्यता जास्त असेल, पडद्याला मजबूत लॉक असेल, लॉकवर संदेशांचा मजकूर दिसत नसेल, तर तास-दोन तास थांबून शोधा. हिसकावून नेला असेल, लॉक नसेल, किंवा फोनच्या कव्हरमागे डेबिट कार्ड खोचलेलं असेल, तर एक मिनिटही न थांबता सिम बंद करा आणि बँकेला कळवा. ते कव्हरमागचं कार्ड फार घातक. यूपीआयचा पिन नव्याने ठरवायला कार्डावरचे शेवटचे सहा आकडे, त्याची मुदत आणि ओटीपी लागतात. कार्ड आणि सिम दोन्ही एकाच हातात गेलं की उरतं काय? खात्यातून पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदतक्रमांकावर ताबडतोब. सिमला स्वतःचा वेगळा पिन लावता येतो. तो लावलेला असेल तर दुसऱ्या फोनात घातलेलं सिम उघडतच नाही, आणि ही सगळी काळजी निम्मी होते.

त्याच नंबरचं नवं सिम गोव्यातच घेता येतं. टेलिफोनच्या हिशेबात गोवा महाराष्ट्राच्याच परिमंडळात येतो, त्यामुळे पुणे, कोल्हापूर, नागपूरचा नंबर इथे परका नाही. मुंबईचं परिमंडळ वेगळं, त्यांनी कंपनीच्या दालनात आधी विचारून घ्यावं. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. तो बिघाड नाही, सिम बदलून होणारी फसवणूक रोखायला केलेला नियम आहे. पण त्याचा अर्थ असा की ओटीपी लागणारी कामं दुसऱ्या दिवशीच होतील. रविवारी रात्रीची परतीची गाडी असेल तर हे गणित शनिवारीच मांडा.

आता आयएमईआय. हा फोनचा १५ आकडी ओळखक्रमांक. दोन सिमच्या फोनला दोन असतात. *#०६# डायल केलं की दिसतो, खोक्यावर आणि बिलावरही असतो. फोन नेटवर्कला जोडताना सिमसोबत हाही क्रमांक सांगतो. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची सीईआयआर नावाची नोंदवही आहे. मे २०२३ पासून ती संचार साथी पोर्टलवरून देशभर खुली झाली. तिथे तुमच्या फोनचा आयएमईआय बंद केला की २४ तासांत भारतातल्या सगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर तो फोन अडतो, सिम कुठलंही घाला. वायफाय मात्र चालत राहतं. यानंतर कोणी त्यात सिम घातलं की ती खबर पोलिसांपर्यंत जाते. लोक विचारतात, बंद केल्यावर शोधता कसा येईल? तो अडवला तरी त्याने नेटवर्कचं दार ठोठावलेलं नोंदलं जातं, आणि शोध त्यावरूनच लागतो.

अर्जाला पोलीस तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि त्याच नंबरचं नवं सिम लागतं. बिल असेल तर जोडावं. अर्ज झाला की एक विनंती क्रमांक मिळतो. तो कागदावर लिहून ठेवा. पुढे लागतो.

पोलीस तक्रारीत दोन प्रकार आहेत आणि त्यांचा फरक पुढे जाणवतो. 'हरवला' ही नोंद आणि 'चोरीला गेला' हा गुन्हा, म्हणजे एफआयआर. नुसत्या नोंदीवर सापडलेला फोन ओळख पटवून ठाण्यातून मिळू शकतो. चोरीच्या गुन्ह्यात तो मुद्देमाल ठरतो आणि न्यायालयात अर्ज करून सोडवावा लागतो. म्हणून चोरी झाली असताना 'हरवला' लिहून घ्यावं असं मी म्हणत नाही. जे घडलं तेच लिहावं. फक्त पुढची वाट माहीत असावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. कळंगुटला खिसा मारला गेला आणि कळलं सावंतवाडीला, तर सावंतवाडीतही तक्रार घेतली पाहिजे. ते ती गोव्याकडे पाठवतात.

फोन वाहनात किंवा स्थानकात राहिला असेल तर पोलीस ठाण्याआधी त्या त्या यंत्रणेला गाठा. कोकण रेल्वेत राहिला तर १३९ वर फोन. गाडी क्रमांक, डबा, बर्थ आणि पीएनआर सांगा. मांडवी एक्स्प्रेसमधून थिवीला उतरलात तर गाडी पुढे करमळी, मडगावला जाते आणि तिथे संपते, म्हणजे डबा रिकामा होण्याआधी निरोप पोचवायची संधी आहे. गाडी पुढे मंगळुरू किंवा केरळला जाणारी असेल तर घाई आणखी. सापडलेलं सामान परत करण्याचं काम रेल्वे सुरक्षा दल करतं, आणि २०२५ पासून ते सीईआयआरशीही जोडलं गेलं आहे. मडगावला कोकण रेल्वेचं वेगळं पोलीस ठाणेही आहे.

विमानतळावर नेमकं कुठे विसरलात ते महत्त्वाचं. विमानात असेल तर विमान कंपनी, टर्मिनलमध्ये असेल तर विमानतळाचा हरवलं-सापडलं कक्ष, आणि तपासणीच्या ट्रेमध्ये असेल तर सीआयएसएफ, म्हणजे तिथली तपासणी करणारं केंद्रीय सुरक्षा दल. लॅपटॉप ट्रेमध्येच राहतात. सीआयएसएफच्या संकेतस्थळावर सापडलेल्या वस्तूंच्या याद्या असतात. आणि गोव्यात विमानतळ दोन आहेत, दाबोळी आणि मोपा. जिथून उडालात त्याचंच नाव सांगा.

कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसचं तिकीट उतरल्यावर फेकू नका. त्यावरून बस आणि फेरी काढता येते, मग डेपोत विचारता येतं.

लॅपटॉपला आणि कॅमेऱ्याला आयएमईआय नसतो, त्यामुळे सीईआयआरचा तिथे उपयोग नाही. तिथे अनुक्रमांक हीच ओळख. तो लिहून ठेवलेला नसेल तरी कॅमेऱ्याच्या बाबतीत एक वाट आहे. अनेक कॅमेरे प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये स्वतःचा अनुक्रमांक लपवून लिहितात. घरी संगणकावर त्याच कॅमेऱ्याने काढलेला जुना फोटो असेल तर त्याच्या तपशिलातून तो काढता येतो. एका लग्नाच्या फोटोग्राफरला असाच अनुक्रमांक काढून दिला, तो त्याने तक्रारीत जोडला.

ज्याला फोन सापडतो त्याच्याबद्दलही लिहायला हवं, कारण आपण कधी ना कधी तेही असतो. सापडलेली वस्तू स्वतःपाशी घेतली की तिची जपणूक करायची जबाबदारी येते, असं १८७२च्या करार कायद्याचं कलम ७१ सांगतं. मालक शोधायचा वाजवी प्रयत्न न करता ती आपलीशी केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा होऊ शकतो. उलट, मालकाने जाहीर केलेलं बक्षीस मागायचा हक्कही सापडणाऱ्याला आहे. म्हणून बक्षीस जाहीर केलंत तर ते द्या. आणि फोन सापडला तर तो बंद करू नका. चार्जिंगला लावा. मालकाचा फोन येईल.

समुद्रातून बाहेर काढलेल्या फोनबद्दल थोडक्यात: चार्जिंगला लावू नका, तांदळात ठेवू नका. खारं पाणी वीज वाहून नेतं आणि बोर्ड गंजवतं, तांदूळ मीठ ओढून घेत नाही. बंद करा आणि त्याच दिवशी उघडून साफ करून घ्या. तीन दिवसांनी आणलेल्या बोर्डावर मला हिरवा थर दिसतो.

दोन महिन्यांपूर्वी सांगलीचा एक मुलगा आला. सात महिन्यांपूर्वी हरमलला गेलेला फोन पोलिसांनी त्याला परत दिला होता. पठ्ठ्या त्यासाठी पुन्हा गोव्यात आला होता. कोणीतरी फोन पुसून पाहिला होता, पण गूगलने जुन्या मालकाचं खातं मागितल्यावर अडून बसला होता. मुलाने तो खात्यातून काढलेला नव्हता, त्यामुळे त्याचा पासवर्ड टाकताच उघडला. नेटवर्क मात्र येईना. त्याला वाटलं बोर्ड गेलं. मी उघडायच्या आधी विचारलं, "सीईआयआरवर बंद केला होतास ना? मग उघडायला सांगितलंस का?" ते तो विसरला होता. विनंती क्रमांक? कागद सांगलीला. आईने कपाट उचकटून कागदाचा फोटो माझ्या फोनवर पाठवला, आम्ही दुकानातूनच बंदी उठवायचा अर्ज भरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला, त्याच्याच नंबरवरून, त्याच फोनवरून. म्हणाला, "दादा, चार कांड्या आल्या."